फुटक्या कीबोर्डाची किंमत

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते माहीत नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपुरतंच पेन हातात आलं. पण या वर्षी माझं हे वाकडंतिकडं अक्षर पुण्या-बंगलोरच्या लोकांनी फोनवर मोठं करून पाहिलं आणि त्यावर भांडणही केलं. त्यामुळे लाज थोडी कमी झाली आहे. म्हणून लिहिते.

मारणं आमच्या घरात नवं नव्हतं. वडील भंडाऱ्याला पितळेची भांडी मठारायचे. तयार भांड्यावर गोल तोंडाच्या हातोडीने जवळजवळ ठोके देत गेलं की पत्रा घट्ट होतो आणि अंगभर टिकल्यांसारखे खळगे पडतात, ते मठारणं. दिवसभर ते भांड्यांना मारत आणि संध्याकाळी आम्हाला. आईला सगळ्यात जास्त, भावाला त्याखालोखाल. मला कमी, कारण मी आवाज करत नसे. गप्प बसायला मी तिथेच शिकले.

पुढे मला आसगावात दिलं. तिथे मी बिड्या वळायचे. नवरा चुलीतलं लाकूड उचलून यायचा. एकदा त्याने बिड्यांच्या सुपासकट मला चुलीवर ढकललं. सूप जळालं, तंबाखू जळाला, माझं कोपर जळालं. त्या दिवशी निघाले ती परत गेले नाही.

भाऊ माझ्यापेक्षा मोठा. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी, राहायला क्वार्टर. वहिनी नुकतीच वारली होती आणि मुलगा शाळेत होता. भावाला घरात बाई पाहिजे होती आणि मला घर पाहिजे होतं. दोघांचंही भागलं. वडिलांची हातोडी भावाने स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवली होती. तिने तो नारळ फोडायचा. मी तिला कधी हात लावला नाही.

भाच्याला मीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. तो शिकला, भंडाऱ्यात एका दुकानाचं कॉम्प्युटरचं काम घरी बसून करू लागला आणि त्याला कीबोर्डांचा नाद लागला. मला वाटायचं कीबोर्ड म्हणजे काळी प्लास्टिकची पट्टी. हे तसे नव्हते. ॲल्युमिनियमचा जाड डबा, वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा. पोटात पितळेचा ठोकळा, वजनासाठी. मध्ये सर्किटची पाटी, तिच्यावर एकेक बटण डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून, बसवायचं. बटण उघडून आत ब्रशने वंगण लावायचं, म्हणजे दाबल्यावर खडखड न होता ओल्या लाकडावर बोट मारल्यासारखा आवाज येतो. या आवाजासाठी लोक हजारो रुपये देतात. पैसे भरून वर्ष वर्ष थांबतात, कारण कारखाना असे थोडेच काढतो आणि पुन्हा काढत नाही.

"बाबू, टाइप तर साध्यानंही होते ना," मी एकदा म्हटलं.

"होते ना, आत्या. भाजी तर ॲल्युमिनियमच्या गंजातही होते. तुले पितळेचाच काहून लागते?"

मी पितळेचा गंज गॅसवर चढवला.

दूरदूरचे हौशी लोक आपले कीबोर्ड त्याच्याकडे जोडायला पाठवत. फोनवर त्यांचा एक गट होता. त्या गटात भाच्याच्या हाताला मान होता. घरात त्याला भाऊ बिनकामाचा भैताड म्हणायचा.

तो कीबोर्ड पुण्याच्या एका माणसाचा होता. निळसर करडा, हातात घेतला तर पाट्यावरच्या वरवंट्याएवढा जड. मालकाला बटणं बदलून हवी होती. भाच्याने आठवडाभर बसून काम केलं. शेवटी मालकाने सांगितलं, आवाज रेकॉर्ड करून पाठव.

मे महिना होता. भंडाऱ्याच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद करणारा माणूस या जिल्ह्यातला नसतो असं मी म्हणाले असते. भाऊ रात्रपाळी करून समोरच्या खोलीत कूलरपुढे झोपला होता. आणि भाच्याने त्या कूलरचं बटण बंद केलं, कारण कूलरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत होता. मी पाहिलं होतं. दोन मिनिटांत काय होते, असं मलाही वाटलं.

भाऊ उठून स्वयंपाकघराच्या दारात आला; भाचा तिथल्याच टेबलावर काम करायचा. बनियान घामाने अंगाला चिकटलेली.

"कूलर कोणं बंद केला?"

"बाबा, दोन मिनिटं. आवाज रेकॉर्ड करून राहिलो."

"कायचा आवाज?"

"बटणांचा."

भावाने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का, बाई? बाप गर्मीनं मरून राहिला, अन् हा बटणाचा आवाज रेकॉर्ड करून राहिला."

तो हसला. मलाही हसू आलं, निभावलं असं वाटलं. तो वळला तेव्हा कूलर लावायला गेला असेल म्हणून मी पोळी लाटायला घेतली. तो माझ्या मागून गेला आणि खिळ्यावरून हातोडी काढल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखते.

"घे, रेकॉर्ड कर," तो म्हणाला.

पहिला ठोका डब्याच्या उजव्या कोपऱ्यावर बसला. दुसरा मधोमध. बटणांच्या टोप्या फुटाण्यासारख्या उडाल्या, एक माझ्या परातीत येऊन पडली. भाच्याने दोन्ही हात कीबोर्डवर पसरले, लहान मूल झाकावं तसे. भावाचा हात वरून निघाला होता, तो थांबला नाही. तिसरा ठोका भाच्याच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. ओली काडी मोडल्यासारखा.

भाचा ओरडला नाही. डाव्या हाताने त्याने बापाचा गळा धरला आणि भिंतीवर नेऊन आपटला. डोकं भिंतीला लागलं, चुन्याचा पोपडा पडला. मग तो मागे सरला, तोच जड कीबोर्ड डाव्या हाताने उचलला आणि बापाच्या तोंडावर फिरवला. मी मध्ये गेले. का गेले ते सांगता येत नाही, पाय गेले. पितळेचा ठोकळा माझ्या कपाळावर बसला. मी खाली बसले आणि डोळ्यांपुढे लाल झालं. मला वाटलं कुंकू पुसलं गेलं, आणि मग आठवलं की मी कुंकू लावत नाही.

भावाने हातोडी पुन्हा खिळ्याला अडकवली. कूलर लावला. झोपला.

भाच्याचा फोन टेबलावर उभा होता, तो सगळं रेकॉर्ड करत होता. ते भाच्याने एकदाच ऐकलं आणि पुसलं. म्हणाला, सुरुवातीचा बटणांचा आवाज फार चांगला आला होता.

दवाखान्यात भाचा म्हणाला, फाटकावरून पडलो. मी म्हणाले, न्हाणीत पाय घसरला. डॉक्टरीण बाईंनी माझ्या कपाळाला टाके घातले. विचारलं, "दोघंही एकाच दिवशी पडले का?" मी खाली पाहिलं. भाच्याच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर झालं.

घरी आल्यावर मी आधी फरशी पुसली आणि मग तो कीबोर्ड घेतला. वरच्या कोपऱ्यात गोल, गुळगुळीत खळगा पडला होता, मठारलेल्या घागरीवर असतो तसाच. मधली बटणं चेंदली होती, पाटीला आडवी भेग गेली होती. उलटा केला तर पितळेच्या ठोकळ्यावर माझं रक्त वाळलं होतं. ठोकळा काळपट, गुळाच्या रंगाचा झाला होता. मला वाटलं, निदान एवढं तरी नीट करून द्यावं. मी चिंच भिजवली, मीठ आणि राख घेतली आणि आईने शिकवलं तसा घासला. असा चमकला की त्यात माझ्या कपाळाची पट्टी दिसली.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मालकाला फोन लावला. हात दुखत होता म्हणून फोन मी धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. कीबोर्ड फुटला, हे भाच्याने सांगितलं. पडला, म्हणाला. मालकाने पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "पितळेचं वजन तरी शाबूत आहे ना?"

"हो. पण ते... घासलं गेलं."

"घासलं म्हणजे?"

"चिंचेनं."

"चिंचेनं?" पुण्याचा माणूस पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "अहो, तो रंग चढायला दोन वर्षं लागली. मी त्याला मुद्दाम फडकंसुद्धा लावलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर भाच्याने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, तुले कोणं सांगतलं होतं?"

"रक्त होतं त्याच्यावर."

"मंग राहू द्याचं होतं."

त्या वेळी मला फार राग आला. रक्ताची किंमत आहे आणि घासण्याची नाही, हे कसले लोक, असं वाटलं. भंडाऱ्यात जन्मलेली कोणतीही बाई काळं पडलेलं पितळ पाहून चिंचच शोधेल.

मालकाने संध्याकाळी लिहून पाठवलं. त्याला फुटका माल नको होता. बेचाळीस हजार रुपये, आज तो कीबोर्ड विकला असता तर आले असते तेवढे. मुदत सहा महिने. नाही दिले तर तो गटात सगळ्यांना सांगणार, आणि मग कोणी भाच्याकडे एक बटणसुद्धा पाठवणार नाही. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे दुकानाचं कामही सुटलं होतं. भाच्याकडे आता त्या गटातलं नाव तेवढं उरलं होतं.

भाऊ म्हणाला, "बटणाचे बेचाळीस हजार? मी एक रुपया देत नाही. त्याले सांग, पोलिसात जाय."

मी भाच्याला विचारलं, फुटका माल कोणी घेते का. त्याने सांगितलं, घेतात. कीबोर्ड पुन्हा निघणार नसतो, म्हणून कोणाची पाटी जळालेली असते, कोणाचा डबा घासलेला असतो, तो फुटक्यातून आपल्याला लागेल तेवढा भाग घेतो. पण अट कडक. प्रत्येक ओरखडा फोटोत दाखवायचा. एक लपवला आणि माल पोचल्यावर दिसला, तर संपलं. आणि प्रत्येक फोटोत वस्तूशेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. त्यावर गटातलं नाव आणि त्या दिवसाची तारीख, म्हणजे वस्तू खरंच आपल्याजवळ आहे हे लोकांना कळतं.

त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. चिठ्ठ्या मी लिहिल्या.

त्याचं गटातलं नाव इंग्रजीत होतं. त्याने डाव्या हाताने फोनवर दाखवलं आणि मी ती अक्षरं रांगोळीसारखी एकेक रेघ करत काढली. एक अक्षर उलटं गेलं. तारखेतला सात माझ्या सवयीने मराठी सात झाला. कीबोर्ड उघडलाही मीच. तो सांगायचा, मी स्क्रू काढायचे. डाख वितळवून चांगली बटणं पाटीतून सोडवली. बिड्यांनी बोटं हलकी केली होती, ती कामी आली. धूर डोळ्यांत गेला की तो म्हणायचा, "रडू नको, आत्या, अजून किंमत यायची आहे."

पहिल्या फोटोवर माल विकला गेला नाही, भांडण झालं. एकाने लिहिलं, ही चिठ्ठी त्याच्या हाताची नाही, त्याचं अक्षर आम्ही ओळखतो. दुसऱ्याने लिहिलं, कोणीतरी त्याचं खातं चोरलं आहे, पैसे पाठवू नका. तिसऱ्याने विचारलं, हे काय पाचवीतल्या पोराने लिहिलं आहे का. भाच्याने वाचून दाखवलं आणि मी म्हटलं, "चौथी सांग त्याले."

खुलासा करावा लागला. भाच्याने प्लास्टरचा फोटो टाकला. तरी ते म्हणाले, लिहिणारा हात दाखवा. माझा फोटो द्यायला मी तयार नव्हते. शेवटी चिठ्ठी लिहितानाचा माझा हात तेवढा दाखवला. तंबाखूने पिवळं पडलेलं बोट, मनगटावर एक बांगडी. त्यानंतर भांडण थांबलं. बटणांच्या उरलेल्या टोप्या त्याच दिवशी गेल्या, सात हजाराला. मोडलेल्या टोप्या मी वेगळ्या वाटीत ठेवून त्यांचाही फोटो काढायला लावला, तर एकाने दोनशे रुपये देऊन त्याही मागवल्या. सोडवलेली बटणं हजाराला गेली. पाटी मात्र कोणाच्या कामाची नव्हती. भाच्याने स्वतःचा कीबोर्डही विकला, दहा हजाराला. तो बांधताना त्याने एकदा सगळी बटणं दाबली आणि खोका बंद केला.

वरच्या डब्याचं मात्र जमेना. खळगा फोटोत स्पष्ट दिसत होता. भाच्याने खाली लिहिलं होतं, पडल्यामुळे दबला. लगेच एकाने विचारलं, पडल्यावर कोपरा चिरडतो, असा गोल वाटीसारखा खळगा कसा पडेल? मग दुसरा, तिसरा. ते लोक एका ओरखड्यावर तासभर बोलतात, खळग्यावर तर दोन दिवस बोलले. खरं सांगा, नाही तर विकू नका, असं शेवटी गट चालवणाऱ्याने लिहिलं.

भाचा दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी म्हणाला, "काय लिहू, आत्या?"

दवाखान्यात मी पडले म्हणून सांगितलं होतं. आसगावलाही सांगितलं होतं. आईनेही आयुष्यभर तेच सांगितलं. मला त्या शब्दाचा वीट आला होता.

"हातोडी लिही," मी म्हटलं.

त्याने डाव्या हाताने एकेक अक्षर दाबलं. वडिलांनी हातोडीने मारलं. पितळेची भांडी मठारायची हातोडी. तीन ठोके, दोन कीबोर्डावर.

थोड्या वेळाने कोचीच्या एकाने लिहिलं की त्याच्या वडिलांनी त्याचा कीबोर्ड जिन्यावरून फेकला होता, वरचा भाग दुभंगला, तो तीन हजार देतो आणि खळगा तसाच राहू द्या. दुसऱ्याने खालचा डबा पितळेच्या ठोकळ्यासह बारा हजाराला मागितला. घासलेला असल्यामुळे त्याने किंमत पाडली, पण म्हणाला, चालेल, रंग मी पुन्हा चढवीन. मी चिठ्ठीवर नाव आणि तारीख काढली आणि भाच्याने सांगितलं नसताना मीच खाली मराठीत लिहिलं, चिंचेने घासला आहे.

वरचा डबा पोस्टाने कोचीला गेला. खालच्याचे पैसे आले, तो बांधायचा होता. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी भाऊ पाळीवरून आला.

चप्पल न काढता आला, तेव्हाच मला कळलं. त्याच्यासोबत काम करणाऱ्या एकाचा मुलगा त्या गटात होता. बसमध्ये बापाने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. लोक हसले होते.

"मले विचारून राहिले, बटणाले हातोडी मारली काय म्हणून," तो भाच्याला म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "सारी बस हासे. सारी बस."

"खोटं आहे काय?" भाचा म्हणाला.

भावाने त्याचा प्लास्टरचा हात मनगटाला धरून टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा. प्लास्टर फुटून पांढरी पूड उडाली. भाचा या वेळी ओरडला. भावाने पुन्हा हात वर नेला, त्यात भाच्याचा हात धरलेलाच होता. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठोकळा कागदात गुंडाळत होते. तो माझ्या हातात होता, गार आणि जड. मी आयुष्यात कोणाला मारलं नव्हतं. मला वाटलं होतं त्याला फार बळ लागत असेल. लागत नाही. मी तो भावाच्या मनगटावर मारला, कागदासकट, आणि तीच ओली काडी मोडल्याचा आवाज आला.

त्याची पकड सुटली. तो माझ्याकडे पाहत राहिला, जसं भिंतीने हात उगारला असावा.

"बाई," तो म्हणाला.

"अजून मारीन, दादा," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ठोकळा पुन्हा वर गेला होता. मारावंसं वाटत होतं. हे मी खरं लिहिते. त्या क्षणी तो थोडा जरी पुढे आला असता तर मी त्याच्या डोक्यात घातला असता, वडिलांना घातला असता तसा, आसगावच्याला घातला असता तसा. भाच्याने "आत्या, ठेव" म्हटलं तेव्हा तो माझ्या हातून निसटला आणि फरशीवर कोपऱ्यावर पडला. फरशीचा टवका उडाला.

आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. मी दोन पातळं, परात आणि वंगणाची डबी घेतली. भाच्याने खोके घेतले. भाऊ पलंगावर मनगट धरून बसला होता. दारातून निघताना मी हातोडी खिळ्यावरून काढली आणि पिशवीत टाकली. त्याने पाहिलं. दवाखान्यात तोही पडलो म्हणूनच सांगून आला, असं शेजारणीकडून कळलं.

भंडाऱ्याला एका बंद पडलेल्या भांड्यांच्या दुकानामागे खोली मिळाली. ठोकळ्याच्या कोपऱ्याला फरशीची नवी खूण पडली होती. भाचा म्हणाला, आतल्या बाजूला आहे, बसवल्यावर दिसणार नाही. मी म्हटलं, फोटो काढ. घेणाऱ्याने पाचशे कमी केले आणि विचारलं, ही कशाची? भाच्याने लिहिलं, घरी भांडण झालं. त्याने पत्ता कळवला.

सगळं विकूनही नऊ-साडेनऊ हजार बाकी राहिले. भाच्याचा हात दुसऱ्यांदा बसवावा लागला, त्यात काम लांबलं. मग त्याने गटात लिहिलं की बटणांना वंगण लावून मिळेल, चिठ्ठी लिहिणारा हात लावेल. मला हे सांगितलंच नव्हतं. खोके येऊ लागले तेव्हा कळलं. बटण उघडायचं, आतली स्प्रिंग काढायची, ब्रशच्या टोकाने कडेला वंगण फिरवायचं, जास्त झालं तर बटण चिकटतं, कमी झालं तर खरखर राहते. दुपारी खिडकीच्या उजेडात बसले की हात आपोआप चालतात. प्रत्येक खोक्यासोबत चिठ्ठी मागतात, नाव आणि तारीख. उलटं अक्षर सरळ केलं तर एकाने कळवलं, पूर्वीचंच ठेवा.

दिवाळीच्या आधी भाऊ आला. दारातच उभा राहिला. मनगट वाकडं बसलं होतं. खिशातून नोटा काढल्या.

"किती बाकी आहे त्याचे?"

"चार हजार."

"घे."

भाचा आतून आला नाही. त्याच्या बटणाचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकत होता. मी नोटांकडे पाहिलं. त्या घेतल्या असत्या तर त्याच दिवशी सुटलो असतो.

"त्याले विचार," मी म्हटलं.

भाऊ तिथेच थांबला. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "घेतं काय?"

"नाही," भाचा आतून म्हणाला.

भावाने नोटा खिशात टाकल्या. जाताना विचारलं, "हातोडी तुह्यापाशी आहे ना?"

"आहे."

"राहू दे," तो म्हणाला आणि गेला. चहा घे म्हणायचं मला सुचलं नाही, की म्हणायचं नव्हतं, ते अजून कळलं नाही.

त्यानंतर बंगलोरहून दोन मोठे खोके आले. माझी बोटं तेलकट, पोळीलाही वंगणाचा वास. मुदतीला आठवडा राहिला असताना ते काम पुरं होऊन परत गेलं आणि काल दुपारी पैसे आले. भाच्याने माझ्यासमोर फोन ठेवला. उजव्या हाताची करंगळी त्याची अजून वळत नाही. म्हणाला, "आत्या, तू दाब." मी हात पदराला पुसला आणि दाबलं. शेवटचे चार हजार पुण्याला गेले. थोड्या वेळाने मालकाचं उत्तर आलं, पूर्ण पैसे मिळाले, आता काही बाकी नाही.